नकाशेबाबू अन् माह्या संत्र्याचा रस

कारंज्याच्या हायवेवर माह्यासारखा हुशार मानूस दुसरा नाई. हे मलेच सांगा लागते, काऊन की दुसरं कोनी सांगाले तयार नाई. शाळेत मी गेलो, नाई असं नाई. पन मत टाकाले. जे काई चार गोष्टी कळल्या त्या नकाशेबाबूनं समजवल्या, अन् ज्या कळल्या नाई तो माह्या डोस्क्याचा पराक्रम.

नकाशेबाबू म्हंजे जमीन मोजनीच्या ऑफिसातून रिटायर झालेले बाबू. चौकात रोडच्या कडेले मी संत्र्याचा ढीग लावून बसो, अन् ते रोज सकाळी चहा घेऊन माह्याजवळ येत. बसले की काठीनं धुळीत रेघा ओढनं सुरू. हे कारंजा, हे आर्वी, हे रेल्वे, अन् पार तिकडं, माह्या तराजूपाशी, मुंबई. गिऱ्हाईक आलं की मी म्हनो, "साहेब, जरा सरका, तुमी मुंबईवर उभे हा."

"हसू नको, बापू," बाबूजी म्हनत. "सांग, इंग्रजानं रेल्वे काऊन टाकली?"

"आपल्याले फिराले."

"तुले फिराले? कापूस न्याले टाकली! जो रस्ता पाहा त्याचं तोंड बंदराकडं. कापूस जाये सस्त्यात, कापड येये महाग. अन् आष्टीहून रोहन्याले जानारा मानूस अजून फाट्यावर उभा हाय."

मंग काठी समुद्रावरून आफ्रिकेत जाये. तिथंबी हाच नकाशा, म्हने. कोको पिकवनाराच्या पोराले चाकलेट खाले भेटत नाई. ज्या ज्या देशात साहेब होता, तिथं तिथं माल भायेर अन् गरिबी घरात.

मी एक डाव म्हनलं, "बाबूजी, इंग्रज जाऊन तर लय वर्सं झाले."

"साहेब गेला, वहिवाट राह्यली," ते म्हने. मोजनीवाल्याचीच भाषा ते. "एकदा पायवाट पडली की लोक तिच्यावरूनच चालते. नवी कोनी पाडत नाई. तुहं संत्रं ट्रकात जाते, बाटलीत भरून वापस येते, अन् पेनारा गधा पैसे देऊन पेते."

तवा माह्या हातात तेच बाटली होती. मी ते हळूच बारदान्याखाली सारली.

बाबूजी एकटेच राहत. डोळे गेलते कामातून, म्हनून पुन्याची पोरगी त्याईले कायमचं न्याले येनार होती. एक दिवस ते मले म्हने, "बापू, मले इथून जाच्या आधी एक पाहाचं हाय. इथं पिकलं, इथंच त्याले हात लागला, अन् इथंच इकलं. जास्ती नाई, एक गिलास रस. तेवढं पाहून जाऊ दे."

मी छाती ठोकून हो म्हनलं, अन् पूरा सीजन उद्या-उद्या करत घालवला. पोरगी येनार त्या दिवशी सकाळी जाग आली. धावत गेलो अन् दोस्ताची उसाच्या रसाची मशीन उचलून आनली.

बाबूजी इस्तरीचा सदरा घालून आले. पोरीले ढिगापाशी उभं केलं अन् म्हने, "पाह्य पोरी, आज आपल्या चौकात नवी वाट पडून राह्यली!" चार लोक जमा झाले. मी उसासारखे अख्खे संत्रे मशीनीत टाकत गेलो, सालासगट, बियासगट. रंग असा आला का पाहूनच तहान लागे. पहिला गिलास बाबूजीले, दुसरा मले, बाकीचे चौकाले.

चौकानं रस थुकला. मीबी थुकला. त्याच्यापुढं कडूलिंब गोड लागला असता. एकटे बाबूजी घुटका-घुटका पूरा गिलास पेले. तोंड पुसलं, माह्या खांद्यावर हात ठेवला.

"आपल्या इथं बनलं, बापू," ते म्हने. "पन गिऱ्हाईकाले नको देजो."

अन् गाडीत बसून गेले.

दुसऱ्याच दिवशी माह्या बायकोनं, सुमननं, मशीन वापस धाडली अन् सोललेल्या संत्र्याचा रस सुरू केला. आता ट्रकवाले थांबून पेते. फोनवर हे आयकून बाबूजी पुढच्या सीजनले येऊन पेनार होते. त्याच्या आधीच पुन्याहून पोरीचा फोन आला. बाबूजी गेले.

मी ढिगापाशी मटकन बसलो. डोळ्याले पानी येऊन राह्यलं होतं. म्हनलं, "सुमन, पाह्य, साहेबानं एवढे वर्सं आपल्याकडून कच्चा माल नेला, आपल्याले काई बनवू देल्लं नाई, म्हनून माह्या हाताले अक्कल आली नाई. म्हनून बाबूजी कडू पेऊन गेले."

सुमन संत्रं सोलत होती. तिनं मानबी वर केली नाई.

"अवो, साल काढाले तुमाले कोन्या साहेबानं मना केलतं?"