वड की कळंब

लालबागच्या आमच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी जिवाणूंचे वंश जुळवत होते. वंशवृक्ष म्हणतात खरं, पण हे जिवाणू एकमेकांचे जीन्स बिनदिक्कत उचलतात. मग एकाला दोन पूर्वज होतात आणि झाडाचं जाळं होतं. अशी दोन जाळी सारखी आहेत का, हे पटकन सांगणारा प्रोग्राम मला लिहायचा होता. माझ्या गाइड सरांनी वाट सांगितली होती: जिथे दोन पूर्वजांकडून दोन बाण येतात तिथला एक कापायचा आणि उरलेलं झाड तपासायचं. पण कुठला कापावा? दर वेळी झाड वेगळंच निघे. माझं डोकं पार आउट झालं होतं.

त्यात माझं लग्न अडलेलं. मुलगा परळचा, मीच पसंत केलेला. त्यांचं देवक, म्हणजे कुळाचं पूजेचं झाड, कळंब. आमच्यात देवक एक निघालं की ते भावंडांचं नातं, लग्न होत नाही. बाबा जन्मले कोकणात, कळंबाच्याच घरात. पण लहानपणीच त्यांना मुंबईतल्या मावशीने दत्तक घेतलं, आणि ते घर वडाचं. आई म्हणे, दत्तक गेले म्हणजे वडच, विषय संपला. बाबांची सख्खी बहीण, माझी आत्या, गावाहून फोनवर ठणकावे की रक्त कळंबाचं. आई एक बाण कापत होती, आत्या दुसरा. आणि मी एवढी शिकलेली बया, मला सकाळी हिचं पटायचं, दुपारी तिचं. मुळात मी देवक मानते की नाही, तेही धड सांगता येईना. वैताग नुसता!

मुलाच्या घरून देवकाची विचारणा आली. आईने ठरवलं, वड सांगायचं, कळंबाचं नावही काढायचं नाही. बाबा खाली बसून लसूण सोलत होते. मी त्यांना समजावलं की आमच्या कामातही असंच करतात, एक बाण कापला की उत्तर लगेच येतं.

"कापू की," बाबा म्हणाले. "जन्म दिला ती माझी आई नव्हे म्हणू, की वाढवलं ती? तू सांग, तसंच सांगतो त्यांना."

ते चिडून बोलत नव्हते. खरंच माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मला तो मुलगा हवा होता, फार हवा होता, आणि "जन्म दिला ती नव्हे" एवढंच तर म्हणायचं होतं.

"दोन्ही सांगा," मी म्हटलं. बाबांनी परळला दोन्ही देवकं कळवली. मग त्या मुलाचा फोन येत राहिला, पण मला तो उचलवेना.