मुराळ्याची वाट

मोंबासाहून चिंचवडच्या बोर्डिंगात आले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि भयंकर तिरसट होते. तिरसटपणा आता कमी झालाय असं घरचे म्हणतात. मला काही तसं वाटत नाही. वडील तिकडे बंदरावर कारकून होते. आजूबाजूला मराठी शाळा नव्हती, आणि ‘पोरगी आपल्या माणसांत वाढली पाहिजे’ हे आईने मनावर घेतलं होतं. म्हणून बोटीने मुंबई आणि गाडीने चिंचवड. पोचवायला आलेले वडील दुसऱ्या दिवशी निघून गेले. आपली माणसं म्हणून मिळाल्या त्या खोलीतल्या मुली, आणि त्यांना माझ्याकडून सिंहाच्या गोष्टी हव्या होत्या. मी सिंह कधी पाहिलाच नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाल्या, मग तू आफ्रिकेत केलंस तरी काय?

माझं मराठी आईकडून आलेलं, म्हणजे ती लग्न करून बोटीत बसली त्या काळातलं. बोलले की मुली तोंडावर हात धरून हसायच्या. मग मी बोलणंच सोडलं. संध्याकाळी पिंपरीकडच्या नव्या कारखान्यांचा भोंगा व्हायचा. मला तो बंदरातल्या बोटीचा वाटायचा. रविवारी मुलींचे आईवडील डबे घेऊन यायचे. त्या दिवशी मी मुद्दाम धुणं काढून पवनेवर जायची. कुणी आपला डबा पुढे केलाच, तर ‘मला भूक नाही’ असं इतक्या तोऱ्यात सांगायची, की पुढच्या रविवारी ती विचारायचीच नाही. एकटं पडायला मीही काही कमी हातभार लावला नाही.

आशा होती ती दिवाळीची. निघताना आईने दहादा सांगितलं होतं, “दिवाळीला मामा तुला न्यायला येईल.” आमच्या घरी लहानपणापासून मुराळ्याच्या गोष्टी. सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. तो दारात उभा राहिला की पोरीला आभाळ ठेंगणं. बोलावणं आल्याशिवाय, कुणी न्यायला आल्याशिवाय लेकीबाळींनी आपणहून जायचं नसतं, हे आईचं ठाम मत. मामा राहायचे कराडला. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. सुट्टी लागली त्या सकाळी मी वेणी घालून, वळकटी बांधून, फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसले.

एकेक मुलगी गेली. दुपारी बोर्डिंगच्या बाई हातात कार्ड घेऊन आल्या. मामांचं होतं. पोरीला पुण्याहून गाडीत बसवून द्यावं, कराडला स्टेशनवर माणूस पाठवतो.

“शिपायाबरोबर पुण्याला जा आणि गाडीत बस. त्यात काय एवढं?” बाई म्हणाल्या.

“मामा न्यायला येणार होते,” मी म्हटलं.

“अगं, हल्ली कुठे कोण न्यायला येतं? सगळे गाडीनेच जातात.”

“मी काय पार्सल आहे? न्यायला आले तर जाईन. नाहीतर नाही जाणार.”

बाईंनी समजावलं, रागावल्या, मग हात टेकले. मी हटले नाही. मला खरंच वाटत होतं, की मी गेले नाही म्हणजे मामांना चूक कळेल आणि ते तसेच पुढच्या गाडीने निघतील. ते काही निघाले नाहीत. त्यांना वाटलं असेल, पोरीला यायचं नाहीये. आईच्या जुन्या रीती तिच्या माहेरी कधीच सुटल्या होत्या. हे तिला बिचारीला तिकडे कोण सांगणार?

रिकाम्या बोर्डिंगात माझ्याशिवाय एकच मुलगी उरली होती. चाकणच्या बाजूची, शेतकऱ्याची. कांद्याच्या कामातून वडिलांना सवड मिळाली नव्हती. ते बैलगाडी घेऊन आले, तेव्हा मी पुन्हा त्या पायरीवरच होते. त्यांनी लेकीचं सामान गाडीत टाकलं आणि माझ्याकडे बघून बाईंना म्हणाले, “ही पोर हितं एकटी काय करंल? आमच्यासंगं येऊ द्या की.” मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण रडूच आलं. गाडीत बसले. 

त्यांच्या घरी मला कुणी सिंहाचं विचारलं नाही. शेंगा फोडायला बसवलं, अंगणात सडा घालायला लावला. तरीही मी परकीच. भाऊबीजेला पाट मांडले, आणि ती मुलगी आपल्या भावांना ओवाळायला लागली, तेव्हा तर उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. तिची आई चुलीपाशी होती. तिने विचारलं, “तुला भाऊ न्हाई का गं?”

“नाही, मावशी.”

“मग चांदोबाला ओवाळायचं. चल बिगीबिगी, बुडंल त्यो आता.”

तिने तबक माझ्या हातात दिलं आणि मला अंगणात आणलं. बीजेची कोर झाडांच्या वर कलंडली होती. आमच्या मोंबासाच्या गॅलरीतून ती जास्त आडवी दिसायची, वाटीसारखी. तिथेही मी चंद्रालाच ओवाळायची. माझ्या मागून आई ओवाळायची. मला सोबत म्हणून ती ओवाळते अशी माझी समजूत होती. तबक हातात धरून उभी असताना एकदम ध्यानात आलं, आईला तर भाऊ आहे. लग्नानंतर ती बोटीत बसली ती बसलीच. समुद्र ओलांडून तिला न्यायला कोण मुराळी येणार? इतक्या दिवाळ्या वाट पाहून, तिने तिची ती वाट माझ्या गळ्यात घातली होती. मामा माझ्यासाठी आले असते, तर थोडे तिच्यासाठीही आले असते. मला तिचीच इतकी दया आली, की माझं स्वतःचं रडू मागे राहिलं.

“माग काईतरी त्याच्याकडं,” मावशी म्हणाली. “भाऊ हाय त्यो आता तुजा.”

बोर्डिंगात आल्यापासून मी रोज एकच मागत होते, मला परत घरी ने. त्या संध्याकाळी ते मागितलं नाही. मामा न्यायला आले नाहीत हे आईला कळू देऊ नकोस, एवढंच म्हटलं. मामा पत्रं लिहायला आळशी होते, तेव्हा ते काही फार अवघडही नव्हतं.

सुट्टीनंतर आईचं पत्र आलं. मामा कोणत्या गाडीने आला, आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला, अंगात काय घातलं होतं, सगळं नीट लिही, असं तिने लिहिलं होतं. मी नीट लिहिलं. सकाळच्या गाडीने आले. पांढरं धोतर आणि काळा कोट होता. मला बघून म्हणाले, अगदी आईसारखी दिसतेस.