दगडाच्या जमिनीतली संत्री

बाबांना माती कळायची, दगड कळत नव्हता. हे मी आज म्हणते. तेव्हा असं म्हणायची घरात कोणाची बिशाद नव्हती.

आईला सौंसर गावच्या आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरातून बाहेर पडायचं होतं. चूल स्वतःची हवी, भाजीत मीठ टाकताना मोठ्या जावेला विचारायला नको, एवढंच तिचं मागणं. स्वातंत्र्यानंतर बाबा छिंदवाड्यापलीकडच्या एका कोळसा खाणीत कारकून झाले आणि घरासाठी जागा मिळाली. खाणीतून निघालेला टाकाऊ दगड एका खोलगटात ओतून ती सपाट केलेली. कुदळ मारली की ठिणगी उडायची. सौंसरकडे आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात घरांना भेगा पडतात, इथे तसं होणार नाही म्हणून बाबा खूश. खाली दगडच आहे, मग पाया कशाला खोल घ्या? हातभर खणला आणि भिंती उभ्या केल्या. आईने आपल्या चुलीवर पुरण शिजवलं.

मग बाबांना संत्र्यांची आठवण झाली. सौंसरकडे उन्हाळ्यात खड्डे खणून तापायला उघडे ठेवतात आणि पावसाळ्यात कलमं लावतात. बाबांनी परसात तेच केलं. आषाढात पाहिलं, तर खड्ड्याच्या कडेचा काळा दगड पापुद्र्यांनी सुटत होता. बाबांनी एक तुकडा मुठीत सहज चुरला.

“पाहून राहिली ना? दगडाची माती होऊन राहिली. आता कलमं लागतात.”

आई दारात उभी होती. “अन् घर कशावर उभं हाये?”

बाबा कलमांचं ओलं बारदान सोडत राहिले.

पुढच्या पावसाळ्यांत घराखालचा दगडही तसाच चुरत गेला आणि जमीन बसत गेली. दार लागेना. चुलीमागे भेग पडली, ती आई लिंपायची, ती पुन्हा उघडायची. त्याच सुमारास राज्यं नव्याने आखली, नागपूर सीमेपलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. आपण जागचे हललो नाही, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तेव्हाही आई लिंपतच असायची. शेवटी चुलीमागची भिंत पडली. बाबा खाणीच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि आई आम्हाला घेऊन सौंसरला त्याच घरात परतली.

हे सांगायचाही आता कंटाळा येतो. काही वर्षांनी बाबा टोपलीभर संत्री घेऊन आले, त्याच परसातली. गोड होती, आणि त्याचाच मला राग आला. आईने एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि मोठ्या जावेकडे पाहिलं.

“बाई, सालटं कुठी टाकू?”