जिताड्याचं डोकं कुणाच्या ताटात

आमच्या घरात जिताडा शिजला की त्याचं डोकं माझ्या ताटात येतं. म्हातारी आहे म्हणून नव्हे. म्हातारीला मऊ भात आणि पातळ कालवण देऊन गप्प बसवायची सोय सगळ्याच घरांत असते. डोकं माझ्या ताटात येतं, कारण तो जिताडा मी काढलेला असतो. मुलगा दर वर्षी म्हणतो, "आई, आता बांधावर जाऊ नको, पाय घसरंल." मी व्हय म्हणते. आणि सुकती, म्हणजे ओहोटी, बघून निघते.

पेणच्या खाडीकडचा माणूस जिताड्याला नुसता मासा म्हणत नाही. कुणा साहेबाकडे काम असो की लग्नाची बोलणी, चांगला हातभर जिताडा पोचवला की समोरचा निदान ऐकून तरी घेतो. आणि त्याचं डोकं म्हणजे मान. घरोघरी ते जावयाच्या ताटात पडतं. आमच्या घरात मात्र माझ्या सासूच्याही सासूपासून नियम वेगळा आहे: ज्यानं जिताडा काढला, डोकं त्याचं. आणि त्या दिवशी तो पहिल्या पंगतीला बसणार. बाई असली तरी.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात डोकं खाणारं माणूस एकच होतं, सासूबाई. त्यांना सगळे आये म्हणायचे. सासरे आणि आमचे हे दोघंही मिठागरावर राबणारे, दंड दगडासारखे. पण गरी धरली की दोघांच्या हाताला शिंगाळ्यासारख्या हलक्या माशाशिवाय काही लागत नसे. पहिल्या पंगतीला हे दोघं शेपटीकडचे तुकडे खात बसायचे आणि मधोमध आये डोक्याशी निवांत बोलत असल्यासारख्या जेवायच्या.

आणि मी कोण? रोह्याची राणी! अंगाला हळद, हातात हिरवा चुडा आणि डोक्यात नुसती हवा. कुंडलिकेच्या काठावर लहानाची मोठी झाले, गांडूळ लावून मळ्ये, खडशी असले बारके मासे ओढले, तेवढ्यावर मला वाटायचं की पाण्यातलं सगळं आपल्याला कळतं. लग्नानंतर पहिल्यांदा ताटात जिताड्याचा तुकडा पडला तेव्हा या बयेनं काय म्हणावं?

"आये, पुढचा मी काढीन."

सासऱ्यांच्या हातातला घास तसाच राहिला. आयेंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"काढ की. तवर तू रोह्याचीच."

म्हणजे झालं. घरात कुणी मला नावानं हाक मारीना. "रोहेकरीण, पाणी आण गो." "रोहेकरणीला विचार मीठ कुठं ठेवलंय." थट्टाच होती, पण मला आत टोचायची. त्या घरची व्हायचं तर ते डोकं माझ्या ताटात यायला हवं होतं. मंगळसूत्रानं जे झालं नव्हतं ते जिताड्यानं होणार होतं.

आयेंची जागा म्हणजे उघाडी. खाडी आणि शेतं यांच्यामधल्या बांधाला पाणी सोडायचा दरवाजा असतो, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिथून खाडीत धो धो पडतं, त्याबरोबर कोळंबी वाहत येते, आणि खाली भोवऱ्याच्या कडेला जिताडा तोंड वासून उभा असतो. आयेंकडे काठी नव्हती. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची जाड दोरी, पुढं गळ आणि गळाला जिवंत कोळंबी. बस.

पहिल्याच सकाळी त्यांनी तंगूस माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं पाण्यात टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि दोरी ताणली. मी रोह्याच्या सवयीनं असा झटका दिला की गळ पाण्यातून उडून माझ्याच पदराला येऊन अडकला. कोळंबी अर्धी.

आये बांधावर बसून पोट धरून हसल्या. "गो, त्याला जेवू तरी दे! पावण्याच्या तोंडातला घास ओढून घेतंस?"

नदीतला बारका मासा टोचतो न टोचतो तोच ओढायचा असतो. जिताड्याचं तसं नाही. तो कोळंबी तोंडात धरतो, घेऊन निघतो, मग सावकाश गिळतो. तोवर दोरी सोडत राहायची. गिळून झालं की मग ओढायचं. हे मला कळलं. पण कळणं डोक्यात आणि झटका हातात.

"किती वेळ सोडायची, आये?"

"माझं पान या गालातून त्या गालात जाईपर्यंत."

आये खरोखर तसंच करायच्या. आवाज झाला की तोंडातलं पान शांतपणे एकीकडून दुसरीकडे न्यायच्या, जसं काही दुसरं कामच नाही, आणि मग मनगट वळवायच्या. मी पान खात नव्हते, म्हणून गुळाचा खडा धरून बसले. आवाज झाला, मी घाबरून गूळ गिळला आणि ओढलं. गेला. मग शेंगदाणे. ते तर आवाज व्हायच्या आधीच संपायचे.

"तुझ्या तोंडात काय टिकत नाय," आये म्हणाल्या. "गूळ नाय नि गोष्ट नाय."

हेही खरं होतं. पाऊस सरेपर्यंत मी किती जिताडे शिकवून परत पाठवले ते त्या खाडीलाच माहीत.

गौरी-गणपती झाले आणि जावई पहिल्यांदा जेवायला येणार असा निरोप आला. माझ्या नणंदेचं लग्न नुकतंच झालं होतं. नागोठण्याच्या बाजूला नवीन कंपनी उभी राहिली होती, तिथं जावई कामाला. पँट, घड्याळ, शिफ्ट हे शब्द आमच्या घरात त्यांच्याबरोबर आले. आये सकाळपासून वाटणाला बसलेल्या. जिताडा आणायला हे बाजारात गेले होते. मी आयेंच्या पानाच्या डब्यातून अडकित्त्यानं सुद्धा न फुटणारं सुपारीचं एक खांड उचललं आणि उघाडीवर पळाले.

आवाज झाला तेव्हा सुपारी दाढेखाली होती. चावेल तर शपथ. दोरी हातातून सरसर जात होती आणि मी त्या सुपारीशी भांडत होते. फुटेना. गिळता येईना. शेवटी ती कशीबशी या गालातून त्या गालात लोटली आणि मनगट वळवलं.

पलीकडून असा ओढा आला की मी चिखलात बसकण मारली. बसूनच ओढलं. तो पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहून दोरी ताणून धरली. काठाला आणला. मांडीएवढा! आनंदाच्या भरात या शहाणीनं त्याच्या कल्ल्यात बोटं घातली. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं तेव्हा मी बोलत होते. बोट चिरलं. त्याला चिंधी बांधली आणि घराची सरळ वाट सोडून देवळाला वळसा घालून, सगळ्या आळीच्या तोंडासमोरून, मासा लोंबकळत घरी गेले. कुणी विचारलं नाही तर मीच थांबत होते.

हे रिकाम्या हातानंच आले होते. दारात मला बघून म्हणाले, "कुणाकडून घेतलास?" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

पण स्वयंपाकघरात नणंदेनं मला कोपऱ्यात ओढलं. डोळे भरलेले. "वैनी, डोकं त्यांना वाढू दे गो. पयल्यांदा आलेत. घरी सासूबाई विचारतील, डोकं दिलं का? नाय म्हटलं तर मला ऐकून घ्यायला लागंल."

माझी हवाच गेली. तिचं म्हणणं खरं होतं. आणि डोकं माझं होतं, तेही खरं. मी म्हटलं, "आये काय ते ठरवतील." खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, आये, मला द्या, मला द्या.

पंगत बसली. सासरे, हे, जावई, आणि नियमानं चौथं पान माझं. जावई माझ्याकडे बघून जरा सरकले. नवीन सून पुरुषांच्या पंगतीला कशी, हे त्यांना कळेना. आयेंनी टोप आणला. पळीत डोकं घेतलं. जावयांनी ताट थोडं पुढं केलं. नणंद दाराआड श्वास धरून.

आये त्यांच्या ताटावरून पुढं आल्या आणि डोकं माझ्या भातावर ठेवलं.

"आमच्या सुनेनं काढलाय," म्हणाल्या. रोहेकरीण नाही. आमच्या सुनेनं.

जावयांचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी पोटाकडचा सगळ्यात जाड तुकडा त्यांना वाढला. "जावईबापू, आयतं डोकं कुठंपण मिळंल. आमच्याकडे उघाडीवर जाऊन मिळवायचं असतंय. घरी विचारलं तर सांगा, सासूनं डोक्याचं आवतण दिलंय, उद्याच्या सुकतीला. हे आवतण मी घरच्या माणसालाच देते."

जावई हसले. "आवतण घेतलं! मशीन चालवतो मी, मासा काय चीज हाय?"

नणंदेनं दाराआड सोडलेला श्वास मला ऐकू आला.

आता गंमत ऐका. डोकं ताटात आलं, आणि मला ते खाता येईना! रोह्याला आम्ही बारक्या माशांची डोकी मांजराला टाकायचो. मी त्या जिताड्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय. बोट घातलं तर चिरेत तिखट गेलं आणि डोळ्यांतून धारा. सासरे गहिवरून म्हणाले, "पोर आनंदानं रडतेय."

आये माझ्याशेजारी खाली बसल्या. "आदी गाल," हळूच म्हणाल्या. "मग डोळ्याच्या मागचं. मग कवटी दाताखाली धर नि चोख. आवाज झाला तरी लाजू नको." एक गाल त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. "शिकवायचा एवढा तरी हक्क हाय ना?"

जावई दुसऱ्या दिवशी सुकतीला खरोखर आले. पँट दुमडून. आवाज झाला आणि त्यांनी असा झटका दिला की मला उघाडीवरची माझीच पहिली सकाळ आठवली. आयेंनी माझ्याकडे बघितलं. बोलायचं काम माझं होतं.

"भावोजी, पावण्याला जेवू तरी द्या!"

आये गेल्या, त्यांचा तंगूस माझ्याकडे आला. भावोजी आता निवृत्त झालेत. दर वर्षी गणपतीनंतर येतात, खिशात सुपारी घेऊन, उघाडीवर बसतात, शिंगाळे काढतात. या वर्षी माझी नात त्यांच्या बाजूला बसली होती. दहावीचं वर्ष आणि पोरगी बांधावर! तिनं तोंडात चॉकलेट धरलं होतं. विरघळलं, तिनं झटका दिला, मासा गेला. आजीसारखीच निघाली कार्टी.

मग मी तंगूस घेतला आणि जिताडा काढून दाखवला.

जेवताना भावोजी माझ्या ताटाकडे बघत राहिले. "वैनी, एक गाल तरी."

"उघाडी तिथंच हाय," मी म्हटलं, आणि एक गाल नातीच्या तोंडात घातला. "शिकतेय ती."