सातव्याचा सल्ला

आमच्या आतोबांइतका विचारून वागणारा माणूस उभ्या सोलापुरात दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे करकंबकडचे, पण ऐन तारुण्यात गिरणीत शिरले आणि शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांचे केस पिकले. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण त्यांना मुळीच पटत नसे. ते ऐकायचेही जनाचे आणि करायचेही जनाचेच. त्यातही नेम असा, की कुठल्याही कामाला सात माणसांचा सल्ला घ्यायचा आणि सातवा सांगेल ते डोळे मिटून करायचं. सातच का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पंच पाच असत्यात. पर पाचांत एक हट्टी निगतो आन् एक झोपाळू. म्हून दोन जादा." आणि शेवटच्याचंच का ऐकायचं? "आदीच्या सा जणांचं ऐकून सातवा बोलतो की! शाणपण तळाला साचतं, बाबा." आणि खरोखरच ते सातव्याला आधीच्या सहा जणांचं म्हणणं जसंच्या तसं ऐकवत, बोलताना कोण कुठे खोकलं तेसुद्धा.

या नेमापायी त्यांनी भोगलंही पुष्कळ. एकदा बाजारात वहाणा घ्यायला गेले. सहा जणांनी सहा जोड पसंत केले आणि सातवा भेटला एक बैरागी. तो म्हणाला, अनवाणी चालावं, प्रकृतीला बरं असतं. आतोबांनी तो सबंध उन्हाळा अनवाणी काढला, आणि तोही सोलापूरचा उन्हाळा! दुपारच्या वेळी रस्ता ओलांडताना ते अशा काही उड्या मारत जात, की पेठेतली माणसं हातचं काम टाकून ओट्यावर येत. आत्या कळवळून म्हणायची, "आवं, आठव्याला इचारा की एकदा!" आतोबा जीभ चावत. सातव्यानंतर आणखी कुणाला विचारणं हा सातव्याचा अपमान, असं त्यांचं मत होतं. जन्मात त्यांचं स्वतःचं असं मत बहुधा तेवढं एकच.

गिरणीत मात्र हा माणूस कुणाला काही विचारत नसे. दोन माग ते एकटे सांभाळत. धागा तुटला की केसाएवढं टोक क्षणात हुडकत आणि गाठ मारून मोकळे होत. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून धोट्याच्या भोकाला ओठ लावत आणि एका श्वासात सूत बाहेर ओढत. त्या श्वासाबरोबर कापसाची धूळ तोंडात जाई. त्यापायीच त्यांच्या दातांचं मातेरं झालं, असं आत्याचं म्हणणं. पण त्यांना काळजी दातांची नव्हती, डोळ्यांची होती. डोळा अधू झालेल्या विणकराच्या हातात गिरणी मग झाडू देते, हे त्यांनी पाहिलं होतं.

आणि एका सोमवारी त्यांची वरची दाढ सुजली. गाल मोसंब्याएवढा झाला, आणि आतोबा गालाला पंचा बांधून सल्ल्याला निघाले. शेजारच्या तेलुगू विणकरीणबाईंनी लवंग धरायला सांगितली. न्हावी म्हणाला, रुईचा चीक भरा. कुंभारी गावचा एक म्हातारा रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचा, दाढेतले किडे ताटलीतल्या पाण्यात पाडून दाखवायचा. त्याने तीन किडे पाडले, दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं. हकीमसाहेब ओरडले, "निकाल को फेंको मियाँ, नक्को रखो!" पाचवे दवाखान्यातले डॉक्टर. ते म्हणाले, "आजच काढली पाहिजे. आत पू झालाय. तो वर चढला तर मग माझ्या हातात काही नाही." आतोबांना ते पटलंही होतं. पण सहावा त्यांचा गिरणीतला सोबती, त्याने हाय खाल्ली. वरच्या दाढेची शीर डोळ्याला जाते, दाढ गेली की डोळा गेला, असं तो शपथेवर सांगू लागला.

सातवा मी.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. दुसऱ्या दिवसापासून तपासणी होती आणि मी वह्यांच्या ढिगाऱ्यात बसलो होतो. आतोबांनी पंच्याआडून सहाही जणांचं सगळं सांगितलं. मी अर्धंच ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला हाईस. खरं सांग, डोळा जातो का रं?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, डॉक्टरांचंच ऐका, एवढं म्हणायला काय जात होतं! पण त्यांना एकट्याला भीती वाटते हे मला दिसत होतं आणि उठायला सवड नव्हती. मी म्हणालो, "रविवारपर्यंत थांबा, आतोबा. मी स्वतः येतो तुमच्यासोबत." त्यांचा चेहरा एकदम निवला. "झालं तर मग," म्हणाले आणि गेले.

गुरुवारी त्यांचा डोळा सुजून मिटला. आत्याने दवाखान्यात चला म्हणून पाय धरले, तर त्यांनी मान हलवली. रविवार ठरलाय, मास्तर येणार हाय. शुक्रवारी तापात ते हवेतले धागे सांधायला लागले, तेव्हा आत्याने मला बोलावणं पाठवलं. मी धावत डॉक्टरांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी उचलून पाहिली आणि माझ्याकडे न बघता बॅग मिटली. शनिवारी दुपारी आतोबा गेले.

आत्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, "माज्या भाच्यानं थांबा म्हनलं व्हतं, ते थांबलं. मरस्तवर कुणाचा सबूद मोडला न्हाय त्यांनी." हे ती अभिमानाने सांगायची आणि मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचो.

आता आत्या थकली आहे. काहीही करायचं झालं की काठी टेकत माझ्याकडेच येते, त्यांचा तुझ्यावर विश्वास होता म्हणते. मी हातातलं काम बाजूला ठेवतो, तिचं सगळं ऐकून घेतो, सुचेल ते सांगतो. आणि ती उठायला लागली की दर वेळी तिचा हात धरून म्हणतो, "आत्या, अजून एकाला विचार."