माइकपुढची जाळी

अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या रेकॉर्डिस्टला सगळे कानराव म्हणत. खुर्चीची कुरकुरसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नसे. पण त्यांचं हाडवैर होतं ते फ आणि भ या अक्षरांशी. ती उच्चारताना तोंडातून फुंकर सुटते आणि थेट माइकवर आदळली की 'धप्प' होतं. या धप्पची महाराणी म्हणजे वाचनालयाच्या जुन्या वाचक, निवृत्त शिक्षिका बाई. माइक तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला घ्या, मध्ये फुंकर अडवणारी जाळी लावा, हे सांगून कानराव थकले होते. बाई "बरं" म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात 'भिंत' धप्पकन कोसळायची.

मग बाई घरून वाचू लागल्या आणि पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एकही धप्प सापडेना. कानरावांनी पुन्हा ऐकलं. जित्याची खोड अशी जात नसते. बाईंची धाकटी बहीण हुबेहूब त्यांच्यासारखी बोलते, हे फोनवर त्यांनी अनुभवलं होतं. आणि परस्पर वाचक बदलला तर पुस्तक काढून घ्यायचं, असा वाचनालयाचा नियम होता.

"धप्प आला तरी कुरकुर, नाही आला तरी कुरकुर," बायको म्हणाली. "तुमच्याच कानात बोळे घालायला हवेत."

तरी ते बाईंच्या घरी धडकले. बहिणीने दार उघडलं, ताई आत आहे म्हणाली, पण दारातून हलेना. संशय बळावला. आत माइक नीट बाजूला, पुढे जाळी, सगळं त्यांनी शिकवल्याबरहुकूम. इतकं शहाणपण त्यांना पटेना. त्यांनी कागदाची पातळ पट्टी बाईंच्या ओठांपुढे धरली आणि वाचायला सांगितलं.

"फाटकाशेजारची भिंत भक्कम होती," बाईंनी वाचलं. आवाज त्यांचाच होता. पट्टी मात्र जागची हलली नाही. पुढच्या वाक्याआधी बाई थांबल्या आणि खांदे उचलून त्यांनी श्वास ओढला.

अडवायला फुंकरच उरली नव्हती.

औषध चालू आहे, पण वाचणं सोडत नाही, असं बहिणीने हळूच सांगितलं.

"पुस्तक काढून घ्यायला आलात ना?" बाईंनी विचारलं.

कानरावांनी जाळी काढून बहिणीच्या हातात दिली आणि माइक उचलून बाईंच्या ओठांसमोर, अगदी जवळ ठेवला. क्षीण आवाज पकडायचा तर माइक जवळच हवा, आणि धप्पची भीती आता नव्हती.

"बाजूला घ्या, बाजूला घ्या म्हणून इतकी वर्षं डोकं खाल्लंत," बाई त्यांना निरखत म्हणाल्या. "आता समोर? यात काय डाव आहे?"

"वाचा," कानराव म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानाला लावला.