खिडकीवरच्या जाळ्या

परवा आमच्या अंजूरच्या नव्या फ्लॅटमध्ये एसी साफ करायला सोसायटीचा माणूस आला होता. स्टुलावर चढला, खिडकीच्या वरच्या जाळीकडे बघितलं आणि थांबलाच... "मॅडम, ये किसने बंद किया? ताजी हवा तो यहीं से आती है!"

काय सांगणार, कपाळ! बाबांनी बंद केलं होतं. आणि स्टूल मी धरलं होतं.

बाबांनी तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली. धामणकर नाक्यामागे खाली लूम, वर आमची खोली... लूममध्ये खिडकी उघडी ठेवत नाहीत, वाऱ्याने सुताचा धागा तुटतो. आणि घरात कापसाचे तंतू येऊ नयेत म्हणून दिसेल त्या फटीत चिंध्या कोंबायच्या. नव्या घरात आल्या आल्या बाबांनी तेच केलं, अगदी मन लावून.

त्यांची छाती खराब झाली म्हणून तर तिथून हललो. इथे ग्रीन बिल्डिंग, दुहेरी काचा, गारवा बाहेर जात नाही, लाइट बिल कमी... मी हरखूनच गेले. एवढ्या घट्ट बंद घरात हवा यावी म्हणून खिडक्यांवर बोटभर जाळ्या ठेवल्या होत्या. चावी देताना कुणी सांगितलंही असेल, पण माझं सगळं लक्ष फर्निचरकडे.

रंग पुरता वाळायच्या आत आम्ही राहायला आलो. कपाटं, पलंग, टीव्ही युनिट, सगळं स्वस्तातल्या बोर्डाचं. डोळे चुरचुरायचे, तरी येईल त्याला "बघा, नव्या घराचा वास!" म्हणून मी मिरवायचे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय...

बाबांचा खोकला वाढत गेला. आम्ही म्हणायचो, जुना कापूस बाहेर पडतोय, पडू दे. डॉक्टरांनी मात्र पहिलंच विचारलं, घरात नवीन काय आहे? बोर्डातल्या गोंदाची, रंगाची वाफ कितीतरी महिने हवेत सुटत राहते म्हणे. आणि मी शहाणीने घरी येऊन काय केलं? जवळच्या दापोड्याच्या गोडाऊनचे ट्रक धूर सोडतात म्हणून खिडक्या आणखी गच्च लावल्या!

त्या एसीवाल्या माणसाने चिंध्या ओढून काढल्या. बाबांना लागू नये म्हणून मी सांगितलं, सोसायटीचा नियम आहे; पण त्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. एकेक चिंधी उचलून त्यांनी घडी घातली... मग म्हणाले, "बाय, मीच कोंडलं नं गो सगल्यांना?"

मला रडायलाच आलं.

आता जाळ्या उघड्या आहेत, खिडक्याही. ट्रकचा धूर येतो तो येतोच. डॉक्टर म्हणतात, छातीची गेलेली ताकद परत येत नाही. जुनी खोली सोडली, या घरात जीव गुदमरतो... माणसाला न्यायचं तरी कुठे?

तुमच्यापैकी कुणाचं नवं घर होत असेल तर हात जोडून सांगते. रंग-फर्निचर झालं की महिना-दोन महिने दारं-खिडक्या उघड्या टाका, वास पूर्ण जाऊ द्या, मगच म्हाताऱ्या माणसांना आणा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर फार उपकार झाले असते.

बाबा आता माझ्यासमोर खोकत नाहीत. खोकला आला की उठून बाहेर जिन्यात जातात... आणि जाताना मागे दार ओढून घेतात.